गाडीचे व्हिडिओ काढणाऱ्यांचा रेल्वेवाल्यांना राग येतो का?

प्रश्न वाचला. तू पाचोऱ्याचा, कॉलेज जळगावला, सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन गाड्या बघायला जातोस. काही लोको पायलट हात करतात, हॉर्न वाजवतात. काही ढुंकूनही बघत नाहीत. माहेजीजवळ तर एका ट्रॅकमनने हाकलूनच लावलं. आमच्यासारख्या रेलफॅनचा तुम्हाला त्रास होतो का, आणि एकदा इंजिनाच्या कॅबमध्ये बसायला मिळावं म्हणून कोणाला विचारायचं, असं तुझं म्हणणं. मी भुसावळच्या लॉबीतून, म्हणजे ड्रायव्हर-असिस्टंट ड्युटीवर हजर होतात त्या ऑफिसातून, गाड्या चालवल्या. आधी मालगाडी, मग पॅसेंजर, शेवटची वर्षं मेल-एक्स्प्रेस. आता निवृत्त आहे. माझ्या धाकट्यापेक्षाही तू लहान असशील, म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नको.

राग येतो की नाही, याचं एकच उत्तर देता येत नाही. कोणाला विचारतोस त्यावर ते अवलंबून आहे. मेलचा ड्रायव्हर, मालगाडीचा ड्रायव्हर, ट्रॅकमन, गेटमन, स्टेशन मास्तर, यार्डातला शंटिंगवाला या सगळ्यांच्या तऱ्हा वेगळ्या. त्यातही दिवस की रात्र, गाडी धावतेय की लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या लाईनवर, उभी आहे, हे बघावं लागतं. पण मुळात एक गोष्ट आधी समजून घे. तुझी आवड आम्हाला कॅबमधून दिसत नाही. तुझ्या हातात कॅमेरा आहे की पिशवी, हेसुद्धा बऱ्याचदा दिसत नाही. दिसतो तो रुळाजवळ उभा असलेला एक माणूस.

हिशोब करून बघ. ताशी ११० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३० मीटर. सहाशे मीटरवर तू दिसलास तर तुझ्यापर्यंत पोहोचायला गाडीला वीस सेकंद लागतात, आणि इमर्जन्सी ब्रेक लावला तरी चोवीस डब्यांची गाडी त्या सहाशे मीटरात उभी राहत नाही. त्या वीस सेकंदांत ड्रायव्हरला पुढचा सिग्नल बघायचा, असिस्टंटबरोबर तो मोठ्याने बोलून पक्का करायचा, वेग सांभाळायचा आणि व्हीसीडीलाही उत्तर द्यायचं. व्हीसीडी म्हणजे आम्ही जागे आहोत ना हे बघणारं यंत्र. मिनिटभर हाताची काही हालचाल झाली नाही की आधी दिवा, मग बझर, आणि तरी कोणी बटण दाबलं नाही तर ते स्वतःच ब्रेक लावतं. एवढ्या सगळ्यात तू कोण आहेस आणि पुढच्या क्षणी काय करणार आहेस, हेही त्याला ठरवायचं असतं.

आता जे सांगतो ते ऐकायला बरं वाटणार नाही. मेल लाईनवर वर्षं काढलेल्या जवळजवळ प्रत्येक ड्रायव्हरच्या गाडीखाली कधी ना कधी कोणी ना कोणी आलेलं असतं. आमच्या भाषेत ‘रनओव्हर’. गाडी थांबवायची, बघायचं, पुढच्या स्टेशनला मेमो द्यायचा आणि वेळ भरून काढत पुढे निघायचं. घरी गेल्यावर जेवण जात नाही. असा ड्रायव्हर जेव्हा रुळाजवळ कोणाला एकट्यालाच, गाडीकडे तोंड करून, स्थिर नजरेने उभा बघतो, तेव्हा त्याच्या मनात पहिला विचार तुझ्या चॅनेलचा येत नाही. तो लांबलचक हॉर्न देतो. तू व्हिडिओखाली ‘लोको पायलटची सलामी’ असं लिहितोस. बऱ्याच वेळा त्या हॉर्नचा अर्थ ‘हट रे बाबा’ एवढाच असतो. गाडी तुझ्यापासून पुढे गेली की तो मोकळा श्वास घेतो, आणि तेव्हाही त्याला तुझा थोडा रागच आलेला असतो.

म्हणून कुठे उभं राहायचं, याला कसं उभं राहायचं याहून जास्त महत्त्व आहे. पादचारी पूल, फलाटावर पिवळ्या पट्टीच्या बराच मागे, गेटच्या बाहेर, हद्दीच्या कुंपणापलीकडे कोणाच्या तरी शेतात. या जागांवर उभा असलेला माणूस ड्रायव्हरला धोक्याचा वाटत नाही, मग तो त्याच्याकडे बघूही शकतो. भुसावळहून खंडव्याकडे निघालं की दुसखेड्याच्या अलीकडे तापीचा पूल लागतो. तिथे बांधावर शेतमजूर, पोरं बसलेली असायची. त्यांना आम्ही हमखास हात करायचो, कारण ती बसलेली असायची. बसलेला माणूस उडी मारत नाही, पळत नाही. जमलं तर तूही बस. दोघं-तिघं असाल तर उत्तम.

दुसरी गोष्ट हातांची, आणि ही रेलफॅनपैकी फार थोड्यांना माहीत असते. दिवसा दोन्ही हात डोक्यावर उंच करून दाखवणं ही रेल्वेच्या नियमात गाडी थांबवण्याची खूण आहे, लाल झेंड्याच्या बरोबरीची. रात्री पांढरा दिवा आडवा जोरजोरात हलवणं म्हणजेही तेच. म्हणजे राजधानी येताना बघून उत्साहाने दोन्ही हात वर करून नाचलास, किंवा अंधारात मोबाईलचा टॉर्च फिरवलास, तर पुढे रूळ तुटलाय असं समजून ब्रेक लावणं हे ड्रायव्हरचं काम आहे. त्याने लावला नाही आणि खरंच काही झालं तर जबाबदार तोच. हात करायचा तर एकच कर, खांद्याच्या उंचीवर, सावकाश. लाल टी-शर्ट घालू नको असं मी म्हणणार नाही, पण लाल ओढणी किंवा रुमाल हातात धरून हलवू नको. आणि झेंडा कोणताच नको, हिरवासुद्धा. हल्ली काही हौशी पोरं गार्डासारखा हिरवा झेंडा घेऊन येतात. रात्रीचा फ्लॅश तर अजिबात नको. अंधाराला सरावलेले डोळे एका फ्लॅशने काही क्षण निकामी होतात, आणि पुढचा सिग्नल तेवढ्यातच निघून जाऊ शकतो.

कोण हात करतं आणि कोण नाही, यावरही बरंच गैरसमजाचं राजकारण चालतं. आपल्याकडे ड्रायव्हर कॅबच्या डावीकडे बसतो, सिग्नलही सहसा डावीकडेच असतात. तू गाडीच्या उजव्या बाजूला असशील तर तुला दिसतो तो बहुतेक असिस्टंट. स्टेशन ओलांडताना आणि वळणावर त्याला मागे वळून सगळी गाडी नीट येतेय का हे बघावं लागतं, स्टेशनवाल्याशी, गेटमनशी झेंड्याची खूण करावी लागते. तुझ्या व्हिडिओत जो हात हलताना दिसतो, तो पुष्कळदा तुझ्या मागे उभ्या पॉइंट्समनसाठी, म्हणजे स्टेशनवर सांधे बदलणाऱ्या माणसासाठी, असतो. तरुण असिस्टंट मात्र मुद्दामही हात करतात. त्यांच्यात तुझ्यासारखेच कितीतरी गाडीवेडे भरलेले आहेत, तुझ्यापेक्षा जास्त ऑफलिंक (गाडीला नेहमीच्या ऐवजी लागलेल्या वेगळ्याच) इंजिनांची नोंद त्यांच्या डोक्यात असते.

हॉर्न मागू नको. हात खाली ओढल्यासारखं करून हॉर्न मागायची नवी पद्धत आलीय, ती बंद कर. प्रत्येक हॉर्न कोणासाठी तरी असतो. गेटच्या अलीकडे ‘सी/फा’ची, म्हणजे सीटी-फाटकची, पाटी असते, तिथला हॉर्न गेटसाठी. शेजारच्या लाईनवर गँग काम करत असते, ती त्या आवाजावर बाजूला होते. विनाकारण वाजलेल्या हॉर्नची कानाला सवय झाली, तर कामाचा हॉर्नही कानाआड जातो.

आता तुझ्या माहेजीच्या ट्रॅकमनकडे येतो. मला त्याचं काही चुकलं असं वाटत नाही. ड्रायव्हरला तू वीस सेकंद दिसतोस, त्याला तू दिवसभर दिसतोस. की-मन रोज आपला पट्टा पायी तपासतो, रूळ पकडून ठेवणाऱ्या क्लिपा, जोड, जोडावरच्या फिशप्लेट सगळं बघत. त्याच्या पट्ट्यात रुळावर कोणी नाणं ठेवलं, दगड ठेवला, क्लिप नाहीशी झाली तर पहिला प्रश्न त्यालाच विचारतात. आपल्या जळगाव-भुसावळचा मे महिना तुला सांगायला नको. हवा ४५ वर गेली की लोखंड साठीच्याही पुढे तापतं, रूळ वाकायची भीती असते, म्हणून भर दुपारी उन्हातली गस्त असते. अशा दुपारी घाम पुसत चाललेल्या माणसाला समोर महागडा कॅमेरा दिसला, तर तो साहेब असेल नाहीतर चोर, असंच त्याला वाटतं. दोन्ही बाबतीत त्याच्या डोक्याला ताप. शिवाय तू एखाद्या गाडीखाली आलास तर ते बघायला आणि उचलायला त्यालाच पाठवतात. मग तो ‘भो, सरक ना तिकडे’ असं जरा जोरात म्हणाला तर ते ऐकून घ्यायचं. पुढच्या वेळी कॅमेरा बाहेर काढायच्या आधी त्याच्याशी बोल. नाव सांग, गाव सांग, पाण्याची बाटली पुढे कर. तो स्वतःच सांगेल की सूर्य कोणत्या बाजूला जातो आणि कुठल्या बांधावरून वळणावरची गाडी सगळी दिसते. त्या पट्ट्याची माहिती त्याच्याइतकी ड्रायव्हरलाही नसते.

यार्डात पाऊल टाकू नको. भुसावळचं यार्ड केवढं आहे ते तुला ठाऊक आहे, आणि तिथे इंजिनाशिवाय सोडलेले डबे आवाज न करता येतात. वर २५ हजार व्होल्टची तार असते. तिला हात लागायचीही गरज नाही, टँकरवर चढलं तरी पुरे. याबाबतीत कोणत्याही रेल्वेवाल्याचं मत वेगळं मिळणार नाही.

परवानगीचं थोडक्यात सांगतो. फलाटावर जायचं तर दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट, ते दोन तास चालतं. गर्दीच्या सणासुदीला कधी बंदही ठेवतात. मोबाईलने चार फोटो काढणाऱ्याला सहसा कोणी हटकत नाही, पण ट्रायपॉड, माईक, मोठी लेन्स काढलीस की आरपीएफवाला विचारणारच. त्याच्याशी हुज्जत घालू नको, सरळ स्टेशन मास्तरकडे जा. धंद्यासाठी चित्रीकरण असेल तर झोनच्या जनसंपर्क कार्यालयाची लेखी परवानगी लागते. आणि रुळांवर विनापरवाना जाणं हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोकरीच्या अर्जात असली केस अडचणीची ठरते, हे तुझ्या वयात लक्षात ठेवावं.

परधाड्याची गोष्ट तुमच्या पाचोऱ्याजवळचीच आहे. २२ जानेवारी २०२५ ला पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली, साखळी ओढली गेली, लोक खाली उतरले ते शेजारच्या लाईनवर, आणि त्या लाईनवरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. डझनभर माणसं गेली. मी तेव्हा नोकरीत नव्हतो, पण ते वळण मला पाठ आहे. तिथे समोरचं लांबवर दिसत नाही. रेलफॅनने त्यातून एवढंच घ्यायचं की नजर एका गाडीवर असताना मारते ती दुसरी. इलेक्ट्रिक इंजिनाचा समोरून आवाज फार उशिरा येतो, वारा उलटा असेल तर येतच नाही. आणि आता जळगाव-भुसावळ दरम्यान दोनाच्या जागी जास्तीच्या लाईनी झाल्या आहेत. ‘अप गाडी या रुळावरूनच येते’ हे आपल्या लहानपणीचं गणित तिथे चालत नाही.

मग रेल्वेवाल्यांना कोणी बघितलेलं आवडतच नाही का? तसं नाही. आमचं अर्धं कामच एकमेकांच्या गाड्या बघण्याचं आहे. धावती गाडी समोरून गेली की स्टेशनवाला, गेटमन, पॉइंट्समन सगळे तिच्याकडे तोंड करून उभे राहतात: कुठे धूर येतोय का, ॲक्सल तापलाय का, काही लोंबकळतंय का. मोठ्या स्टेशनात गाडी शिरताना कॅरेज-वॅगनची माणसं रुळाच्या बाजूला बसून चाकं बघतात, आवाज ऐकतात. पाचोरा-जामनेरची ५६ किलोमीटरची छोटी गाडी, आपली पीजे, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबली. तिच्यावर मी कधी काम केलं नाही, पण पाचोऱ्याच्या फलाटावर त्या कर्मचाऱ्यांशी गप्पा व्हायच्या. शेवटच्या वर्षांत मुंबई-पुण्याहून कॅमेरेवाले यायचे आणि त्या मंडळींना त्यांचं फार कौतुक. वेग एवढा कमी की बघणाऱ्याचा चेहरा दिसायचा, नाव विचारता यायचं. मेल लाईनवर बघणाऱ्याला चेहराच नसतो. आमचा रुक्षपणा बराचसा इथून येतो.

तुला बोलायला माणूस हवा असेल तर मालगाडीचा शोध. शिरसोली, म्हसावद, नगरदेवळा अशा स्टेशनांवर मालगाडी लूपला लावून मागच्या दोन-तीन एक्स्प्रेस पुढे काढतात. कधी तास, कधी दोन तास. ड्युटी लांबलेली असते, डबा संपलेला असतो, असिस्टंटबरोबरच्या गप्पाही संपलेल्या असतात. फलाटाच्या बाजूने, खालूनच, ‘काका, किती वेळ झाला उभे?’ असं विचार. लोडपासून मुलीच्या लग्नापर्यंत सगळं ऐकायला मिळेल. मात्र सिग्नल पडल्याबरोबर, म्हणजे निघायची खूण मिळताच, संभाषण तुटेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नको. इगतपुरीहून रात्रभर जागून आलेला ड्रायव्हर भुसावळच्या फलाटावर उतरला की मात्र त्याला अडवू नको. त्याला घर किंवा रनिंग रूम (ड्रायव्हरांची विश्रांतीची जागा), यापलीकडे काही दिसत नसतं.

कॅबचं उत्तर सरळ नाही असं आहे. अधिकृत पासाशिवाय कोणालाही कॅबमध्ये घेता येत नाही, आणि आता बऱ्याच इंजिनांत कॅबमधलं बोलणं-दिसणं रेकॉर्ड होतं. उभ्या गाडीतही ‘फक्त एक सेल्फी’ म्हणू नको. तुझा सेल्फी होतो, त्याच्या हातात एसएफ-११, म्हणजे शिस्तभंगाचं आरोपपत्र, पडतं. कॅबमध्ये बसायचंच असेल तर असिस्टंट लोको पायलटच्या भरतीची तयारी कर. दहावीबरोबर आयटीआय किंवा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा लागतो, आणि डोळे ए-वन, म्हणजे रेल्वेच्या तपासणीतल्या सगळ्यात कडक वर्गाचे, चष्म्याशिवाय. नंबर आहे म्हणून आधी लेझर करून घेशील तर तिथेच बाद होशील, हे आत्ताच सांगून ठेवतो.

खरा राग मला विचारशील तर व्हिडिओच्या छोट्या क्लिपचा आहे. आमच्यातला एक असिस्टंट सिग्नलला उभ्या गाडीत पोळी-भाजी खात होता. कोणीतरी पुलावरून दहा सेकंद टिपले आणि खाली लिहिलं, गाडी रामभरोसे, ड्रायव्हर जेवतोय. त्या दहा सेकंदांत गाडी उभी आहे हे कळायला काही मार्गच नव्हता. त्याला लेखी खुलासा द्यावा लागला. काही कारवाई झाली नाही, पण आठवडाभर त्याची झोप उडाली होती. तेव्हापासून तो कॅमेरा दिसला की खिडकीची काच ओढतो, आणि तुझ्यासारख्यांना वाटतं माणूस गर्विष्ठ आहे. चेहरा दिसत असेल तर विचारल्याशिवाय टाकू नको. चढवताना मथळा साधा ठेव: गाडी, इंजिन, जागा. ‘खतरनाक’, ‘थोडक्यात वाचले’ असलं काही लिहिलंस की वरच्या ऑफिसात कोणीतरी ते बघतं आणि त्या दिवशीच्या ड्रायव्हरचं नाव शोधतं.

तुझी नजर आमच्या उपयोगाची आहे, हेही सांगतो. तुम्ही लोक व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघता. चाकातून धूर, ठिणग्या, लोंबकळणारी साखळी, उघडा दरवाजा, एखाद्या चाकाचा ठक-ठक आवाज असं काही दिसलं-ऐकलं तर जवळच्या गेटमनला किंवा स्टेशन मास्तरला लगेच सांग, नाहीतर १३९ ला फोन कर. गाडी नंबर, इंजिनापासून कितवा डबा, कोणती बाजू आणि कोणत्या दिशेला गेली, एवढं सांगितलंस की पुढच्या स्टेशनला तिला थांबवून बघतात. व्हिडिओ टाकणं नंतर.

आणि एक. ड्युटीवर मोबाईल बंद ठेवायचा असल्याने कामावरचा स्वतःचा फोटो आमच्यापैकी फार थोड्यांकडे असतो. माझ्याकडे निरोपाच्या दिवशी हार घातलेला एक आहे, त्यात इंजिन अर्धंच आलंय. तुझ्या एखाद्या फोटोत खिडकीतला माणूस स्वच्छ आला असेल तर तो ऑनलाईन टाकू नको, छापून घे. मागे गाडी नंबर, इंजिन नंबर, तारीख आणि वेळ लिही, आणि भुसावळला लॉबीच्या बाहेर जो चहावाला असेल त्याला दाखव. आत जाऊ नको, तिथे तुला कोणी सोडणार नाही. चेहरा कोणाचा आणि तो माणूस आज कुठल्या गाडीला गेलाय, हे चहावाला बघताक्षणी सांगेल.